जास्तीची एक बादली

गावात असो की शहराच्या कडेच्या वस्तीत, घराचा स्लॅब पडतो तो दिवस जवळपास सणाचाच असतो. सकाळी नारळ फुटतो, मिक्सर धडधडायला लागतो, घमेली हातोहात वर चढतात, दुपारी मजुरांचे जेवण शिजते आणि अंधार पडायच्या आत शेवटचा कोपरा भरला की मालकाच्या जिवात जीव येतो. या गलबल्यात वरून एक हाक दिवसभर येत राहते : ‘माल पातळ येऊ द्या!’ आणि खाली मिक्सरवर उभा असलेला माणूस न मोजता आणखी एक बादली ओततो. काँक्रीट टाकताना होणाऱ्या चुकांच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत दहा-बारा कलमे असतात, आणि सगळी बरोबर असतात. पण यादी वाचणारा माणूस एक तर धास्तावतो, नाही तर दुसऱ्या दिवशी विसरतो. त्या कलमांकडे जरा एकत्र पाहिले, तर बहुतेक चुका एकाच सवयीच्या फांद्या आहेत असे दिसते. जिथे कष्ट, वेळ किंवा आधीची तयारी लागते तिथे आपण पाणी ओतून मोकळे होतो. आणि स्लॅब पडल्यानंतर, जेव्हा खरोखर पाणीच लागते, तेव्हा ते द्यायला कोणी थांबत नाही. आधी सुकाळ आणि मग दुष्काळ, असे हे उलटे पाणीवाटप आहे. ते समजले की यादी पाठ करावी लागत नाही.

मुळात काँक्रीट ‘वाळते’ हा आपला शब्दच चुकीचा आहे. माती वाळते, कपडे वाळतात. काँक्रीट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. सिमेंटचा कण पाण्यात भिजला की त्याच्याभोवती नवे, चिकट पदार्थ तयार होतात आणि ते वाळूला, खडीला व सळईला धरून ठेवतात. या क्रियेला पाणी लागते, पण किती? सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक रीतीने बांधले जाते आणि आणखी १५ टक्क्यांच्या आसपास त्या नव्या पदार्थांच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकून राहते. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला सुमारे १९ लिटर. त्यावरचे सगळे पाणी माल हलावा, पसरावा, साच्यात बसावा एवढ्यासाठीच असते. काम झाल्यावर ते उडून जाते आणि स्वतःच्या आकाराच्या नळ्या, छिद्रे मागे ठेवते. शिकागोत डफ अब्राम्स यांनी असंख्य चाचण्यांवरून १९१८ मध्ये हा नियम मांडला : खडी, वाळू चांगली असेल आणि माल नीट दाबता येत असेल, तर काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. प्रमाण वाढले की ताकद घसरते, आणि चांगलीच घसरते. एका शतकात सिमेंट बदलले, यंत्रे बदलली, रसायने आली. हा नियम मात्र जागचा हलला नाही.

आता हे आकडे आपल्या मिक्सरपाशी आणून पाहू. आपल्याकडे घरांसाठी सर्रास वापरले जाणारे एम-२० काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, ढोबळ मानाने चौरस सेंटिमीटरला २०० किलो, दाब सोसणारे काँक्रीट. आरसीसीच्या कामाला यापेक्षा हलके चालत नाही, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते. नेहमीच्या ठरीव प्रमाणातल्या एम-२० साठी त्याच मानकात एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिले आहे. टिकाऊपणाच्या तक्त्यात तर सौम्य हवामानासाठीही पाणी-सिमेंट प्रमाणाला ०.५५ ची मर्यादा आहे, म्हणजे साडेसत्तावीस लिटरच. घरातली साधी बादली १५ लिटरची धरली, तर पोत्याला दोन बादल्या झाल्या की हिशेब संपला. तिसरी बादली ओतली की प्रमाण ०.९ वर जाते, आणि अब्राम्सच्या सूत्राने ताकद निम्म्याच्याही खाली येते. पोते तेच, पैसे तेच, सळई तीच. मालकाने एम-२० विकत घेतले आणि पायाखालच्या थरात घालायच्या योग्यतेचा माल डोक्यावर घेतला. यात पावसाळ्यातली ओली वाळू आणखी भर घालते. पोत्यामागे ८० किलो वाळू धरली आणि तिच्यात ५ टक्के ओल असली, तर ४ लिटर पाणी मिक्सरमध्ये आधीच शिरलेले असते; ते वजा करणारा माणूस विरळाच. शिवाय ओली वाळू फुगते, मापात २०-२५ टक्क्यांपर्यंत जास्त दिसते. घमेले कधी शीग भरून, कधी सपाट. मग दोन घाण्यांचा माल एकसारखा यावा कसा? म्हणून सिमेंटच्या पोत्याच्या मापाची, म्हणजे ३५ लिटरची, पेटी वापरावी असे सांगितले जाते. ती लाकडाचीही करता येते आणि एका दिवसात होते.

यावर साइटवरचा माणूस लगेच म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही, की घट्ट माल सळयांच्या जाळ्यातून खाली उतरत नाही. न उतरलेला माल पातळ मालापेक्षा वाईट. मालात ५ टक्के पोकळी राहिली तर ताकद सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. तेव्हा नुसते ‘पाणी कमी घाला’ असे सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. पण माल खाली बसवायचे काम पाण्याचे नसून दाबण्याचे आहे. सह्याद्रीतल्या घाटघर प्रकल्पाची धरणे भारतातली पहिली रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे आहेत. तो माल इतका कोरडा असतो की त्यावरून रोलर चालतो, तरी त्यापासून पाणी अडवणारी भिंत उभी राहते. घराच्या स्लॅबला एवढा कोरडा माल नको. शंकूच्या चाचणीत ३० सेंटिमीटर उंचीचा ढीग साचा काढल्यावर ५ ते १० सेंटिमीटर बसावा, एवढा मऊपणा दाट सळयांच्या कामालाही पुरतो. मात्र त्याच्या जोडीला सुईचा व्हायब्रेटर हवा, आणि तो चालवायची रीत हवी : सुई उभी आणि पटकन आत, बुडबुडे थांबेपर्यंत काही सेकंद, मग सावकाश बाहेर, दोन ठिकाणांत हातभराचे अंतर, सळईला चिकटवून नाही, आणि मालाचा ढीग पुढे ढकलायला तर मुळीच नाही. तरीही माल जड वाटत असेल, तर प्लॅस्टिसायझर आहे. साधा प्लॅस्टिसायझर पाण्यात पाच-दहा टक्के बचत करतो, सुपरप्लॅस्टिसायझर त्याहून बरीच जास्त. तो डब्यावर लिहिलेल्या मात्रेत, मोजून घालायचा. त्याचा खर्च मालकाला दिसतो आणि पाणी फुकट दिसते, म्हणून पाणी जिंकते. पण स्लॅब ठोकून पाहणाऱ्या पुढच्या पिढीला कोणते स्वस्त होते ते कळते.

पाण्याने भरून न येणारी दुसरी गोष्ट म्हणजे आदल्या दिवसाची तयारी. सेंट्रिंगच्या फळ्यांत फटी असल्या की पातळ मालातले सिमेंट-पाणी त्यांतून गळते, खाली खडीची पोळी उरते आणि ती पुढे गिलाव्याखाली लपते. टेकू मोकळ्या भरावावर उभे असले, तर ओल्या काँक्रीटच्या वजनाने, म्हणजे घनमीटरला अडीच टनांच्या आसपास, ते बसतात आणि स्लॅबला पोट येते. याहून घातक चूक सळईच्या जागेची आहे. स्लॅबच्या खालच्या सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले जातात, ते पायाखाली निसटतात आणि सळई फळीवर टेकते. सज्जा आणि गॅलरी यांची गोष्ट उलटी : त्यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण लटकणारा भाग वरून ताणला जातो. माल टाकताना माणसे त्या सळईवरून ये-जा करतात आणि ती खाली दबते. १२५ मिलिमीटर जाडीच्या गॅलरीत सळई तळापासून १०० वर हवी असेल आणि ती ६० वर आली, तर वाकण सोसण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी गेली. सळई किती किलो घातली याचे बिल मात्र तसेच राहते. यावर उपाय महागडा नाही : सळईची खुर्ची, चालण्यासाठी फळ्या, मोजून ओतलेले कव्हर ब्लॉक आणि माल टाकायच्या आधी एकाने वाकून पाहणे. हे काम झाकले गेले की परत दिसत नाही, म्हणूनच ते झाकण्याआधी पाहायचे असते.

माल टाकताना चुका होतात त्या वेळेच्या आणि अंतराच्या. कॉलममध्ये माल दहा फुटांवरून सोडला, तर खडी खाली धावते, सिमेंट सळयांना चिकटते आणि पायथ्याशी, नेमका जिथे सगळ्यांत जास्त भार असतो तिथे, खडबडीत पोकळ जागा तयार होते. म्हणून मुक्त पडण्याची उंची दीड मीटरपर्यंत ठेवावी असे मानक सांगते; उंच कॉलमला साच्याच्या अंगाला खिडकी ठेवून भरणे जमते. दुसरी गोष्ट सांध्याची. मिक्सर बंद पडला, जेवणाची सुट्टी झाली, पाऊस आला, की आधीचा माल घट्ट होऊ लागतो आणि त्यावर नवा पडला की दोन थर एकजीव होत नाहीत. असे कधी होणार नाही असे धरून चालण्यापेक्षा थांबायचेच झाले तर कुठे थांबायचे, हे सकाळीच ठरवावे : स्लॅबच्या साधारण मध्याजवळ, उभ्या फळीने कापून, बीमच्या तोंडाशी नव्हे. दुसऱ्या दिवशी ती कड खरवडून, धुऊन मगच पुढे भरावे. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो ‘जिवंत’ करणे ही साइटवरची सगळ्यांत जुनी पळवाट. सिमेंट त्याच्या नव्या जुळण्या करायला लागलेले असते. पाणी घालून त्या मोडतात, परत तशा जुळत नाहीत. अशा घाण्याला एकच जागा योग्य, ती म्हणजे स्लॅबच्या बाहेर.

इथे शहरातला वाचक म्हणेल, हे सगळे हाताने माल करणाऱ्यांचे दुखणे झाले. आता आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी येते, प्लांटवर संगणकाने वजन होते, बूम पंपाने माल वर जातो. म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. मापाच्या चुका प्लांटवर कमी होतात आणि एका दिवसात मोठा स्लॅब अखंड भरता येतो. पण गाडीत माल भरल्यापासून दोन तासांत तो उतरवला पाहिजे असा नियम आहे, आणि मुंबई-ठाण्याच्या वाहतुकीत किंवा पुण्याच्या कडेच्या रस्त्यावर तो नेहमी पाळता येईलच असे नाही. उशीर झाला, माल जड झाला, पंप अडखळला, की गाडीच्या मागच्या नळीतून पाणी सोडण्याचा मोह तिथेही होतो. फरक इतकाच की हाताच्या मिक्सरवर एका घाण्याचे नुकसान होते, इथे सहा घनमीटरचे. शिवाय प्लांट फक्त माल देतो. सळई उचलत नाही, व्हायब्रेटर चालवत नाही, सात-दहा दिवस पाणी मारत नाही. आरएमसी हा चांगल्या कामाचा अर्धा भाग आहे, पण चांगल्या कामाचा दाखला नाही.

वरचा पृष्ठभाग सपाट करतानाही पाणीच पुढे येते. माल दाबल्यावर थोडे पाणी वर येऊन चमकते. ते उडण्याआधीच थापी फिरवली, किंवा ते पिऊन घेण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरले, किंवा उलट घट्ट झालेल्या पृष्ठावर पाणी शिंपून गुळगुळीतपणा आणला, तर वर एक कमकुवत पापुद्रा तयार होतो. काही वर्षांनी गच्चीवरून भुकटी निघते ती त्याची. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये संकट वेगळे असते. हवा ४० अंशांच्या वर, वारा कोरडा, आणि ओल्या काँक्रीटच्या पृष्ठातून पाणी इतक्या वेगाने उडते की खालून येणारे पाणी त्याची जागा भरू शकत नाही. मग स्लॅब पडल्यापासून काही तासांतच नागमोडी भेगा पडतात. मजूर म्हणतात ‘सिमेंट गरम होते’. कारण बहुतेक वेळा सिमेंट नसते, ऊन आणि वारा असतात. अशा वेळी जास्त पाणी घालून माल ‘थंड’ करण्यापेक्षा खडीचा ढीग सावलीत ठेवून आधी भिजवावा, साचा ओला करावा, काम संध्याकाळी सुरू करावे, आणि पृष्ठ तयार झाले की त्यावर लगेच प्लास्टिक अंथरावे.

आणि मग येतो दुष्काळाचा भाग. स्लॅब पडला, हिशेब झाला, टोळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोण मारणार? मानक सांगते, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या उन्हाळ्यात १० दिवस. राखमिश्रित सिमेंटला किमान १० आणि उन्हाळ्यात १४ दिवसांपर्यंत. आपल्याकडे घरांसाठी दुकानात सर्रास मिळणारे पीपीसी हे राखमिश्रितच असते. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते आणि तिची क्रिया संथ असते. म्हणजे ज्या सिमेंटला पाणी जास्त दिवस हवे तेच आपण सर्वाधिक वापरतो, आणि पाणी मात्र जुन्याच अंदाजाने, तीन-चार दिवस मारतो. १९५९ मध्ये पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले आकडे या लेखाच्या मुद्द्याला दोन्ही बाजूंनी जोडतात. ओल राखली असता सिमेंटच्या आतल्या नळ्या एकमेकांपासून तुटायला, म्हणजे पाणी आणि हवा आत शिरायचा मार्ग बंद व्हायला किती दिवस लागतात, हे त्यांनी शोधले. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० असेल तर ३ दिवस, ०.४५ ला ७ दिवस, ०.५० ला १४ दिवस, पण ०.६० ला सहा महिने, ०.७० ला एक वर्ष, आणि ०.७० च्या वर कितीही ओल ठेवली तरी मार्ग बंद होतच नाही. म्हणजे मिक्सरमधली तिसरी बादली ही पुढे कितीही पाणी मारले तरी न फिटणारे कर्ज आहे. आणि ज्याने पाणी मोजून प्रमाण ०.५० च्या आत ठेवले त्याला ७-१४ दिवसांच्या पाण्यात त्याचे पूर्ण फळ मिळते.

मराठवाड्यातला किंवा सोलापूरचा घरमालक यावर रास्त प्रश्न विचारेल : टँकरने पाणी विकत घेतो, गच्चीवर आळी करून तळे कुठून ठेवू? उत्तर आकड्यांत आहे. हजार चौरस फुटांचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब सुमारे साडेअकरा घनमीटरचा असतो आणि त्याला ९० च्या आसपास पोती लागतात. पोत्यामागे १० लिटर जास्तीचे पाणी ओतले तर ९०० लिटर फक्त स्लॅब बिघडवण्यात खर्च झाले. तेच पाणी ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर ओल्या पोत्यांवर टाकले, तर दर चौरस मीटरला जवळजवळ १० लिटर पडते. आणि पोत्यांवर प्लास्टिक झाकले तर ते कित्येक दिवस पुरते. तळे करणे हा उत्तम उपाय आहे, एकमेव नाही. पोती, प्लास्टिक, क्युरिंग कंपाउंड, सावली आणि थंडीत काम धरणे यांनी पाण्याची गरज खूप खाली येते. पाणीटंचाई हे पाणी मोजण्याचे कारण आहे, पाणी न मारण्याचे नव्हे. याच घाईचे दुसरे रूप म्हणजे टेकू काढणे. भाड्याची सेंट्रिंग परत करायची असते, पुढचे काम असते, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी स्लॅब उघडा पाडला जातो. साध्या सिमेंटसाठीसुद्धा साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि मोठ्याचे २१ दिवस ठेवायचे असतात. थंडीत आणि राखमिश्रित सिमेंटला याहून जास्त.

सगळ्यांत जड आक्षेप मात्र डोळ्यांसमोर उभा असतो : आमच्या बापाचे घर असेच बांधले, तीस वर्षे झाली, उभे आहे. हा आक्षेप टाळून चालणार नाही. घरे पडत नाहीत, कारण आरेखनातच राखीव बळ ठेवलेले असते. काँक्रीटच्या ताकदीला दीडने भागले जाते आणि भाराला दीडने गुणले जाते. म्हणजे जास्तीची बादली ही त्या राखीव बळातून उचललेली उसनवारी आहे, आणि ती बहुतेक वेळा घर पाडत नाही, फक्त घराचे आयुष्य कमी करते. ते कसे, हे पाहण्याजोगे आहे. काँक्रीटच्या अल्कधर्मी आवरणात सळईवर संरक्षक थर असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरत हा अल्कधर्मीपणा संपवतो. तो सळईपर्यंत पोचला की गंज सुरू होतो, गंजलेले लोखंड दोन ते सहापट फुगते आणि छताचा पापुद्रा सळईसकट खाली येतो. हा प्रवास वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने पुढे जातो. त्यामुळे सळईवरचे आवरण अर्धे झाले की वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो : २० मिलिमीटर आवरण ज्या मालात ४० वर्षे पुरते, तिथे १० मिलिमीटर १० वर्षांतच हरते. त्यात पाणी जास्त घालून नळ्या मोकळ्या ठेवल्या असतील तर वर्षे आणखी कमी. जी जुनी घरे उभी आहेत त्यांच्या छतांकडेही एकदा नीट पाहावे. कित्येकांच्या गॅलऱ्यांखाली सळया दिसू लागलेल्या असतात, आणि जी पाडून टाकली ती मोजायला आता समोर नाहीत.

कोकण आणि गोव्यात हा हिशेब आणखी कडक आहे. खाऱ्या हवेतला क्लोराइड सळईचा संरक्षक थर कार्बन डायऑक्साइडची वाट न पाहता भेदतो. म्हणून किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या आरसीसीसाठी मानक किमान एम-३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पर्यंत आणि ४५ मिलिमीटर आवरण मागते. प्रत्यक्षात किनाऱ्यावरच्या कित्येक घरांना आतल्या भागासारखेच एम-२० चे प्रमाण वापरले जाते. खाडीची, न धुतलेली वाळू मिसळली तर मग बोलायलाच नको. पणजीत मांडवीवरचा नेहरू पूल दोन दशकेही न टिकता जुलै १९८६ मध्ये कोसळला. तो ताणलेल्या तारांचा मोठा पूल होता, घर नव्हे. पण त्याच्या अंताचे कारण आतल्या पोलादाचा गंज होता, आणि ज्या खाऱ्या हवेने तो खाल्ला त्याच हवेत किनाऱ्यावरची घरे उभी राहतात.

शेवटचा आक्षेप शिक्षित मालकाचा : आम्ही क्यूब घेतले, प्रयोगशाळेत पास झाले, मग काळजी कशाला? क्यूब घ्यावेतच, पाच घनमीटरपर्यंतच्या कामाला किमान एक नमुना, त्यात तीन क्यूब. पण १५ सेंटिमीटरचा तो ठोकळा साच्यात नीट ठासून भरला जातो आणि पाण्याच्या टाकीत २८ दिवस सुखात राहतो. तो मिक्सरमधल्या मालाबद्दल बोलतो. सळई खाली दबली का, व्हायब्रेटर फिरला का, गच्चीला चौथ्या दिवशी पाणी मिळाले का, याबद्दल तो काही बोलू शकत नाही. त्यातही क्यूब पहिल्या घाण्याचा असतो आणि पाणी वाढते ते दुपारनंतर, जेव्हा सगळे थकलेले असतात आणि अंधार जवळ येत असतो.

ही घाई हेच खरे मूळ आहे, आणि ती दरातून येते. काँक्रीट टाकणाऱ्या टोळीला स्लॅबचा ठोक दर मिळतो. काम लवकर संपले तर त्यांचा फायदा, आणि पातळ माल लवकर पसरतो. सेंट्रिंगवाल्याला फळ्या लवकर परत हव्यात. पाणी मारण्याचे काम कुणाच्याच दरात धरलेले नसते, म्हणून ते मालकाच्या घरातल्या कुणावर तरी ढकलले जाते. म्हणजे चुका अडाणीपणातून कमी आणि व्यवहारातून जास्त येतात. जो चूक करतो त्याला तिची किंमत मोजावी लागत नाही. मुकादमाला दोष देऊन हे सुटणार नाही, कारण तोही त्याच दरात बांधलेला आहे. व्यवहारच बदलावा लागेल : ठरवतानाच पोत्यामागे किती लिटर पाणी हे लेखी लिहावे, व्हायब्रेटर आणि तो चालवणारा माणूस दरात धरावा, १० ते १४ दिवस पाणी मारण्याची मजुरी वेगळी ठरवून शेवटचा हप्ता ते झाल्यावरच द्यावा. स्लॅबच्या दिवशी मालकाने वर उभे राहून काम किती झाले हे मोजण्यापेक्षा खाली मिक्सरपाशी उभे राहावे. बादलीवर रंगाने एक रेघ ओढावी आणि वरून ‘माल पातळ येऊ द्या’ अशी हाक आली की व्हायब्रेटर वर पाठवावा, बादली नव्हे. राहिलेले पाणी दुसऱ्या दिवसापासून लागणारच आहे. ते तेव्हासाठी जपून ठेवा.